पट्टीचे पैसे

जानेवारीतली गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती, सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी अजून ओसरली नव्हती आणि मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांची रांग लागली होती. त्या दिवसांत आमच्या बँकेच्या शाखेत पाऊल टाकलं की आधी वास येतो: कांद्याचा, सुतळीचा, रात्रभर टेम्पोत बसून आलेल्या माणसांच्या अंगावरच्या घोंगडीचा. मंद्रूपच्या पलीकडच्या गावचे एक आण्णा काउंटरवर आले. आडत्याने पट्टीबरोबर, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदाबरोबर, दिलेला चेक आदल्या दिवशी वटला होता. त्यांनी पासबुक आणि कुणाकडून तरी भरून घेतलेली स्लिप पुढे सरकवली. खात्यात ठेवावे लागतात तेवढे सोडून बाकी सगळे पैसे त्यांना हवे होते. ‘पाचशेच्या कमी द्या बाई, शंभराच्या जादा.’ मी दिले. भिंतीकडेच्या बाकावर बसून त्यांनी मांडीवर टॉवेल पसरला आणि नोटांचे वाटे घालायला सुरुवात केली. खुरपणी-काढणीच्या बायकांचा एक. टेम्पोवाल्याचा एक. खताच्या दुकानदाराचा सगळ्यात जाड. धाकट्या भावाचा. मोटार दुरुस्त करणाऱ्याचा. प्रत्येक वाट्याला वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळून वर रबर लावत होते आणि ओठांतल्या ओठांत नाव घेत होते. शेवटी टॉवेलवर थोड्या नोटा उरल्या. त्या त्यांनी दोनदा मोजल्या आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या.

माझ्या शेजारच्या काउंटरवर नवीन लागलेला मुलगा बसतो. पुण्यात वाढलेला, कामाला चोख, ग्राहकांशी गोड बोलणारा. तो हे सगळं बघत होता. जेवायच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाला, ‘मॅडम, मोबाईलवरून पाच मिनिटांत सगळ्यांना पाठवता आले असते ना हे? एवढी रोकड घेऊन एसटीने जायचं. ही माणसं कधी सुधारणार?’ बोलण्यात तुच्छता नव्हती, उलट काळजी होती. आण्णांचा खिसा कुणी मारला तर, ही काळजी. म्हणूनच मी त्याला पटकन काही बोलू शकले नाही. पण घरी गेल्यावरही ते वाक्य मनातून हलेना.

आण्णा निघताना मी त्यांना विचारलं होतं, थोडे राहू द्यायचे होते की खात्यात, लागतील तसे काढले असते. ते म्हणाले, ‘ह्यातलं माझं किती ते तर आधी कळू द्या की ओ.’

नोकरीची इतकी वर्षं मी काउंटरच्या या बाजूला काढली. काही मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात, बरीचशी शहरात. दोन्हीकडच्या ग्राहकांतला फरक कुणी विचारला तर मी आजवर शिक्षण, अंतर, नेटवर्क अशी उत्तरं देत आले. ती खोटी नाहीत. पण आण्णांच्या त्या वाक्यात जे आहे ते या उत्तरांत कुठेच नाही. होटगी रोडला किंवा जुळे सोलापुरात राहणाऱ्या नोकरदाराच्या खात्यात पगार पडतो तेव्हा त्याचे वाटे आधीच पडलेले असतात. प्रॉव्हिडंट फंड गेलेला असतो, आयकर गेलेला असतो, पतपेढीचा हप्ता कापलेला असतो. हे सगळं पगारपत्रकात, कुणाच्याही नजरेआड घडतं. उरलेला आकडा त्याचा असतो, आणि पुढच्या महिन्यात त्याच तारखेला तसाच आकडा पुन्हा येणार असतो. शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली जाते, तोलाई जाते, पण खरी कापाकापी त्यानंतर सुरू होते. चार महिने उधारीवर उभं राहिलेलं पीक असतं ते. बी-बियाणं उधार, खत उधार, मजुरी निम्मी दिलेली, निम्मी ‘माल गेल्यावर’. खात्यावर नाव एकाचं, पैसे सात-आठ जणांचे. नोकरदाराचं जे काम कंपनीचा हिशेबनीस करतो, ते आण्णा स्वतः मांडीवर टॉवेल पसरून करत होते. त्यात मागासलेपण कुठे आहे ते मला शोधूनही सापडत नाही.

आणि हे वाटे घालणं मी अगदी शहरात, आमच्या घरात पाहिलेलं आहे. वडील मिलमध्ये होते. भोंग्यावर आमचं घड्याळ चालायचं. शाळेला निघायचं, भाकरी टाकायची, दिवा लावायचा, सगळं भोंग्यावर. पगाराच्या दिवशी वडील घरात आले की आधी हातपाय धुवायचे, मग पाकीट देवापुढे ठेवायचे, आणि चहा झाला की आई ते घेऊन स्वयंपाकघरात पाट मांडून बसायची. फळीवरचे पितळी डबे खाली यायचे. एकात घरभाडं, एकात वाण्याचे, एकात भिशीचे, एकात गावाकडे आजीला करायच्या मनिऑर्डरचे. आम्हा मुलांना त्या वेळी आत जायला बंदी होती, आम्ही दाराच्या फटीतून बघायचो. नोटांना यंत्राच्या तेलाचा आणि सुताच्या धुळीचा वास असायचा असं मला आठवतं. कदाचित तो वडिलांच्या शर्टाचा असेल. बँकेत खातं होतं, पण ते लग्नकार्यासाठी, मोठ्या दुखण्यासाठी. रोजचा संसार फळीवरच्या डब्यांत होता. पुढे मिल बंद पडल्या आणि पगाराची तारीख गेली, तेव्हा ज्या घरांत डब्यांची शिस्त होती त्यांनी पहिलं वर्ष कसंबसं काढलं. आईने त्या वर्षी भिशीचा डबा सगळ्यात शेवटी रिकामा केला. आजही तिला बँकेतली रक्कम सांगितली की ती ‘बरं’ म्हणते, आणि घरातली रक्कम सांगितली की मोजून बघते.

मंगळवेढ्याकडची ती शाखा एका जुन्या वाड्याच्या पुढच्या सोप्यात होती. चहूकडे काळं रान, नजर जाईल तिथवर ज्वारी. फेब्रुवारी-मार्चला काढणी झाली की गावात पैसा यायचा आणि आमच्या दारात सायकली, मोटारसायकली, बैलगाड्या लागायच्या. बाजारच्या दिवशी तर उभं राहायला जागा नसे. येणाऱ्याला बँकेत एकच काम कधीच नसायचं. पासबुकात एन्ट्री मारून घ्यायची, सोसायटीच्या सचिवाची वाट बघायची, व्याह्याला भेटायचं, सातबाऱ्यावरचा बोजा उतरला का ते विचारायचं, आणि गार पाण्याचा पेला प्यायचा. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्ड आणि देवाच्या फोटोसोबत. एन्ट्री मारून दिली की म्हणायचे, ‘वाचून दाखवा.’ छापलेलं समोर असायचं, कित्येकांना अक्षरओळखही होती, तरी वाचून हवं असायचं. पुरुषांना मोठ्याने. रांगेतल्या चार जणांच्या कानावर गेलं तर बरंच. त्या गावात कित्येक व्यवहार शब्दावर चालायचे आणि शब्दाला ऐकणारा लागतो.

बायकांचं मात्र वेगळं होतं. त्या काचेला कान लावायच्या.

हे मला नीट कळलं ते २०१६ च्या नोव्हेंबरात. नोटाबंदीच्या त्या आठवड्यांत ज्या नोटा काउंटरवर आल्या त्यांना हळदीचा वास होता, हिंगाचा होता, कणगीतल्या ज्वारीचा होता. घड्या इतक्या जुन्या की उलगडताना भीती वाटावी. पाचशेची एक, हजाराची एक, अशा साठवलेल्या. एक मावशी सकाळपासून कोपऱ्यात उभी होती. नवरा रांगेत होता म्हणून ती पुढे येईना. तो गेल्यावर आली आणि ओच्यातून पुरचुंडी काढली. तिचं जनधनचं खातं होतं, २०१४ च्या मोहिमेत उघडलेलं. मी विचारलं, एवढे दिवस या खात्यात का नाही टाकले? ती म्हणाली, ‘फोन ल्योकाकडं हाय की.’ खातं तिचं, आधार तिचं, अंगठा तिचा. पण नोंदवलेला मोबाईल नंबर मुलाचा. पैसे टाकले की मेसेज त्याला जाणार, आणि संध्याकाळपर्यंत घरभर होणार. शहरातल्या बाईला बँक म्हणजे स्वतःचं, गुपित राहणारं. गावातल्या त्या मावशीला बँक म्हणजे चव्हाटा, आणि गुपित राहणारी जागा म्हणजे कणगी. आम्ही मात्र कागदावर लिहीत होतो की ग्रामीण महिलांमध्ये बचतीची सवय रुजवायची आहे.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे दीड हजार यायला लागले तेव्हा मला हीच मावशी आठवत होती. मी तोवर शहरातल्या शाखेत आले होते. पहिले काही आठवडे बायका तीन-तीन बँकांची पासबुकं घेऊन फिरत होत्या, कारण पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात आले नव्हते. सरकारी पैसा आधारवरून येतो आणि आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलेलं असेल तिथे जातो. ते खातं कधी, कुणी, कुठल्या शिबिरात उघडलं होतं ते कित्येकींना आठवतही नव्हतं. पण एक गोष्ट मला फार चांगली वाटली. त्या गर्दीत स्वतःचा मोबाईल नंबर खात्याला लावून घ्यायला आलेल्या बाया होत्या. सासूचा, नवऱ्याचा, मुलाचा नंबर काढून टाका, हा माझा घाला. फोन साधा, बटणांचा. नंबर पाठ. फॉर्म भरून झाल्यावर एकीने तिथेच उभं राहून मेसेजची वाट बघितली, आणि तो वाजला तेव्हा फोन छातीशी धरला.

शहर म्हणजे नोकरदार, असं सोलापुरात म्हणता येत नाही. आमच्या पूर्व भागात या. साखर पेठ, अशोक चौक, कन्ना चौक. यंत्रमागाचा खडखडाट, आणि घराच्या उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. दिवसाला हजार विड्या म्हणजे बोटांचं काय होत असेल ते त्यांच्या बोटांकडे बघितल्यावर कळतं. पेरं गुळगुळीत झालेली. आधारवर पैसे काढायचे तर अंगठा यंत्राला कळायला पाहिजे, आणि यांचा अंगठा कळत नाही. बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या वतीने पैसे देणाऱ्या माणसाकडे, एकदा लावा, दोनदा लावा, हात पुसून लावा, दुसऱ्या हाताचा लावा. मंगळवेढ्यात हीच अडचण खुरपं धरणाऱ्या हातांची होती. हे पूर्व भागातले ग्राहक महापालिकेच्या हद्दीत पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण त्यांचा पैसा आठवड्याला येतो, आणि त्यांच्या सवयी सात रस्त्याच्या ग्राहकापेक्षा मंद्रूपच्या ग्राहकाशी जास्त जुळतात. दारावर येऊन रोजची बचत गोळा करणारा पिग्मी एजंट त्यांना जवळचा वाटतो. तो रोज येतो, नाव घेऊन हाक मारतो, वीस-पन्नास रुपयांना नाही म्हणत नाही. बँकेच्या दारात वीस रुपये घेऊन कोण येईल?

याच जवळिकीतून माणसं फसतातही, आणि ते बोलायला पाहिजे. ओळखीच्या माणसाची पतसंस्था, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज, चेअरमन लग्नाला येऊन गेलेला. बँकेत ठेवलेले पैसे ५ लाखांपर्यंत ठेव विम्याने सुरक्षित असतात, ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे, त्याआधी ती १ लाख होती. सहकारी बँकांनाही हे संरक्षण आहे. पतसंस्थेला नाही. हे एवढं एक वाक्य मी काउंटरवर किती जणांना सांगितलं असेल. ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि म्हणतात, ‘पण तिथं आपला माणूस हाय.’ शहरातला फसणारा वेगळ्या वाटेने फसतो. तो एकटा असतो. मुलं पुण्यात, घरात दोघंच, आणि फोनवरचा अनोळखी आवाज सांगतो की तुमच्या नावावर गुन्हा दाखल झालाय, कुणाला सांगू नका. निवृत्त, शिकलेली, ठेवीच्या व्याजावरचा कर कापला जाऊ नये म्हणून वेळेवर फॉर्म भरणारी माणसं दाराला कडी लावून पैसे पाठवतात. गावात एवढ्या वेळात चार माणसं दारात येऊन गेली असती.

आम्ही बँकवाले कुठल्या चालीवर चालतो ते मार्चमध्ये उघडं पडतं. पीककर्ज ३ लाखांपर्यंत असेल आणि वेळेत फेडलं तर केंद्राच्या व्याज सवलतीने आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेमुळे शेतकऱ्याला व्याज पडत नाही. चांगली योजना आहे, मनापासून सांगते. पण वेळेत म्हणजे आमच्या कॅलेंडरवर. ज्वारी अजून खळ्यावर असते, ऊस कारखान्याला जाऊन बिल यायचं असतं, आणि इकडे ३१ मार्च. मग नवं-जुनं करायचं. कुणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे उचलायचे, जुनं कर्ज भरायचं, नवं मंजूर करून घ्यायचं आणि त्यातून उचललेले परत करायचे. त्या चार दिवसांना खासगी सावकार जे घेतो ते कुठल्याच योजनेत लिहिलेलं नसतं. आमच्या ताळेबंदात कर्ज वेळेत फिटलं. त्याच्या घरात एक तोळा कमी झाला. ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता सहामाही किंवा वार्षिक असतो, म्हणजे पिकाच्या चालीने हप्ता बांधता येतो हे बँकांना ठाऊक आहे. मग बाकीच्या ठिकाणी दर महिन्याच्या पाच तारखेचा हट्ट का? गावात लोकांच्या तोंडी आता ‘सिबिल’ हा शब्द बसलाय, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारे गुण. कुणाचं लग्न जमत नाही तसं कुणाचं सिबिल जमत नाही. एका दुष्काळी वर्षात चुकलेले हप्ते पुढे किती वर्षं दार लावून घेतात ते मी जवळून बघितलंय, आणि त्याच माणसाने वाण्याची, मजुरांची उधारी त्या वर्षीही चुकती केली होती हे गावाला माहीत असतं. त्याची नोंद करायला आमच्याकडे रकाना नाही.

मोबाईलवर पैसे पाठवायला गावं नाही म्हणतात हेही आता खरं उरलेलं नाही. गेल्या काही वर्षांत आठवडी बाजारात भाजीच्या पाटीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा आणि बोलणारा डबा दिसतो. मेथीची जुडी घेतली, नातवाने फोन धरला, आणि डब्यातून आवाज आला की वीस रुपये मिळाले. मी त्या भाजीवाल्या आजींना विचारलं, हे बरं वाटतं का? म्हणाल्या, ‘बोलतंय की त्ये.’ माझ्या शेजारच्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला आणि मग म्हणाला की त्याच्या आजीला पेन्शन आल्याचा मेसेज तो फोनवर वाचून दाखवतो, रोज, दर वेळी तोच मेसेज.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. माढ्याकडची, मोहोळकडची माणसं नंतरचे कित्येक दिवस भिजलेली पासबुकं घेऊन येत होती. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली, मधे गाळ. खात्यातला पैसा जागेवर होता, संगणकात एक पैसा इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि आम्ही ते समजावत होतो. त्यांना ते कळतही होतं. तरी नवं पासबुक हातात पडल्याशिवाय कुणी हललं नाही. घर, गोठा, दाव्याची जनावरं जिथे डोळ्यांदेखत गेली तिथे ‘संगणकात आहे’ या शब्दांवर माणसाने किती विसंबावं? त्या आठवड्यात आम्ही छपाईचं यंत्र तापेपर्यंत चालवलं. कुणीही कुरकुर केली नाही, त्या मुलानेही नाही. पासबुक छापायचं काम आता बाहेर मशीनवर ढकला, काउंटर कमी करा, असा सूर सगळीकडे ऐकू येतो. माझं त्याच्या उलट म्हणणं आहे, आणि निवृत्त होईपर्यंत मी ते म्हणत राहणार आहे.

१ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नोंदवता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. शहरातले बहुतेक ग्राहक फॉर्म घरी घेऊन जातात, विचार करून आणतो म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. अक्कलकोटकडच्या एक आजी आल्या, त्यांना मी ही सोय सांगितली, तर त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं: मुलाला चाळीस, दोघी लेकींना तीस-तीस. मी म्हटलं, आजी, घरी विचारून या, घाई नाही. त्या म्हणाल्या, ‘त्याला जमीन हाय की. पोरींला काय हाय?’ अंगठा असल्यामुळे दोन साक्षीदार लागत होते. त्यांनी रांगेतून आपल्याच गावचे दोघं हाक मारून बोलावले. मी तिघांची नावं लिहिली, टक्के लिहिले. मग आजींनी मला सगळं मोठ्याने वाचायला लावलं, आणि बेरीज शंभर होते का ते साक्षीदारांना विचारलं.